हिशेबाच्या वहीबाहेरचे पाणी : हैदराबादच्या दोन जलाशयांचा खर्च आणि लाभ

मराठीतील हिशेबाचे शब्द नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. जमा, खर्च, वसूल, बाकी, नफा, नुकसान, फायदा, अंदाज आणि खुद्द ‘हिशेब’ हे सारे शब्द अरबी-फारसीतून दप्तरांच्या वाटेने मराठीत आले, आणि इतके रुळले की त्यांचे मूळ विचारावे असेही आता कुणाला वाटत नाही. पाणी, विहीर, नळ, तळे, पाट हे शब्द मात्र घरचेच राहिले. उर्दूत ज्याला तखमीना म्हणतात त्याला मराठीत अंदाजपत्रक म्हणतात. दोन्हींचा आशय एकच, काम हाती घेण्यापूर्वी खर्चाचा आकडा बांधणे. लाभाचा आकडा बांधण्यासाठी असा एकही जुना, रुळलेला शब्द दोन्ही भाषांत नाही. भाषेतील ही उणीव दप्तरातही होती, आणि पाणीपुरवठ्याच्या इतिहासात तिचे परिणाम दूरवर पोहोचले आहेत.

पाणीपुरवठा योजनेचा खर्च आणि लाभ मोजणे हा अर्थशास्त्राचा विषय समजला जातो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात योजना सुरू होते, काही वर्षे चालते आणि तिचा निकाल एका गुणोत्तरात लागतो. इतिहासात तसे घडत नाही. धरण शंभर वर्षे उभे राहते. त्या काळात राज्य बदलते, चलन बदलते, शहराची वस्ती दसपट-वीसपट होते, आणि ज्या कामासाठी ते बांधले त्या कामाचा विसर पडतो. हैदराबादचे उस्मानसागर (लोकांच्या तोंडी गंडीपेठ) आणि हिमायतसागर हे दोन जलाशय या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. त्यांच्या लाभाचा हिशेब निदान तीनदा वेगवेगळ्या रीतीने मांडला गेला, आणि प्रत्येक वेळी वहीच्या कडा कुणीतरी वेगळ्या जागी आखल्या.

खर्च लिहिला गेला, लाभ नाही

दख्खनमधील जुन्या जलकामांविषयी एक चमत्कारिक बाब आढळते. त्यांचा खर्च परंपरेने जपून ठेवला आहे. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२-६३ च्या सुमारास, हुसेनशाह वलींच्या देखरेखीखाली बांधलेल्या हुसेनसागरासाठी दोन लाख चोपन्न हजार सहाशे छत्तीस रुपये लागले, असे सांगितले जाते. मलिक अंबरने खडकी येथे, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), खोदवलेली भूमिगत नहर पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत झाली, अशी आख्यायिका आहे. एका दरबाऱ्याने या बेताची थट्टा केली होती, हेही त्याच आख्यायिकेत येते. हे आकडे कागदाच्या कसोटीला कितपत उतरतात हा वेगळा प्रश्न आहे. येथे एवढेच पाहावयाचे की खर्च शेवटच्या रुपयापर्यंत स्मरणात राहिला. त्या पाण्याने किती घरे चालली, किती बागा भिजल्या, किती विहिरींना पाझर फुटला, याचा आकडा बांधण्याची गरज कुणाला वाटली नाही. पाणी देणे हे राजाचे किंवा दात्याचे काम मानले जाई. आणि दान मोजायचे नसते.

हैदराबाद शहर १५९१ मध्ये वसले. हुसेनसागर त्याच्या आधीचा. १८०६ मध्ये मीर आलम तलाव पूर्ण झाला. एकवीस अर्धवर्तुळाकार कमानी एकमेकींना खेटून उभ्या केलेले त्याचे धरण स्थापत्याच्या अभ्यासकांना आजही आकर्षित करते. श्रीरंगपट्टणच्या लढाईनंतर मीर आलम यांच्या वाट्याला आलेल्या रकमेतून ते बांधले गेले, असे सांगतात; म्हणजे टिपू सुलतानाच्या पाडावातून आलेला पैसा हैदराबादच्या पिण्याच्या पाण्यात गेला. अशा जमेला कोणत्या खात्यात टाकावे, हे हिशेबनिसांनीच ठरवावे.

तुगयानी

२८ सप्टेंबर १९०८. हिजरी १३२६ चा रमजान नुकताच लागला होता. मुसी नदी रात्रीतून चढत गेली आणि पहाटेपासून तिने शहर गिळायला सुरुवात केली. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस नोंदला गेला. अफजल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तीन पूल गेले. कुतुबशाही काळातला पुराना पूल तेवढा टिकला. अफजलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. मृतांचा आकडा बहुधा पंधरा हजारांच्या आसपास दिला जातो, काही लेखक तो याहून खूप मोठा धरतात. उर्दूचे पुढे नामांकित झालेले रुबाईकार अमजद हैदराबादी यांनी आई, पत्नी आणि मुलगी एकाच दिवशी गमावली. या प्रसंगावरची त्यांची नज्म उर्दूच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. शहराच्या बोलीत या पुराला ‘तुगयानी’ हेच नाव पडले.

निझाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांची चोवीस वर्षे गेली होती; खडकवासल्याच्या तलावावर आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले होते. पुण्याच्या मुठेने त्यांना शिकवलेला धडा, पाणी साठवायचे आणि सोडायचेही, हैदराबादेत उपयोगी पडला असावा. निमंत्रण आले तेव्हा ते परदेशात होते. १९०९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी काम हाती घेतले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी अहवाल दिला.

त्यांनी आरंभ मोजणीपासून केला. शहराच्या वरच्या अंगाला मुसीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल. त्यात ७८८ लहानमोठे तलाव, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. पुरात त्यांपैकी २२१ फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याखालच्यावर, अशी ही माळ तुटत आली. शहराजवळ पुराचा सर्वोच्च प्रवाह त्यांनी सुमारे सव्वाचार लाख क्युसेक काढला. या आकड्यांत एक कडवट गोष्ट दडलेली आहे. ते तलाव काकतीय-कुतुबशाही काळापासूनच्या शेतीचे आधार होते. त्यांचा लाभ शतकानुशतके गावांना मिळाला होता. फुटण्याचा धोका मात्र गावांच्या वहीत कधीच लिहिलेला नव्हता. तो एका रात्रीत शहराने भरला.

विश्वेश्वरय्यांपुढे दोन मार्ग होते : शहराच्या दोन्ही काठांना भिंती घालून नदीला बांधून घ्यावे, किंवा शहराच्या वर पाणी अडवावे. त्यांनी दुसऱ्यावर भर दिला. मुसीवर एक आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर दुसरा जलाशय सुचवला. अंमलबजावणी स्थानिक अभियंत्यांनी केली, आणि त्यांत अहमद अली, म्हणजे पुढचे नवाब अली नवाज जंग, यांचे नाव आदराने घ्यावे लागते. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये.

पैसा राज्याच्या तिजोरीतला. हैदराबाद राज्याची तिजोरी मुख्यत्वे शेतसाऱ्यावर भरत असे, आणि १९५६ पर्यंत त्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते. म्हणजे गंडीपेठच्या भिंतीतल्या दगडांचा काही भाग गोदावरीकाठच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून आला. त्याला त्यातले पाणी मिळाले नाही, पुरापासून संरक्षणही नको होते. राजधानीच्या शहरासाठी सगळ्या मुलखाने खर्च सोसावा, हे त्या काळी कुणाला वावगे वाटले नाही. आजही फारसे वाटत नाही.

एकाच पाण्याचे दोन हिशेब

दोन्ही जलाशयांकडून दोन कामांची अपेक्षा होती : पूर अडवणे आणि शहराला पिण्याचे पाणी देणे. अंदाजपत्रकात ही दोन कामे शेजारी शेजारी लिहिली की योजना भलतीच फायद्याची दिसते. परंतु पूर अडवायला जलाशय रिकामा हवा आणि पिण्यासाठी भरलेला. एकाच घनफूट जागेचा लाभ दोन्हीकडे धरला तर तो दोनदा मोजला जातो. अनेक बहुउद्देशी योजनांच्या अहवालांत ही चूक होते आणि सहसा ती कुणी पकडत नाही.

थोडे गणित करून पाहू. उस्मानसागरची साठवण सुमारे ३.९ टीएमसी, हिमायतसागरची सुमारे २.९७, दोन्ही मिळून ६.८७ टीएमसी, म्हणजे ६८७ कोटी घनफूट. सव्वाचार लाख क्युसेकचा लोंढा दोन्ही पूर्ण रिकाम्या जलाशयांत सोडला तर ते साडेचार तासांत भरतील. साडेचार तास ही मुदत १९०८ च्या पहाटे पुष्कळ होती. पण ती जलाशय रिकामे असतील तरच मिळते. सप्टेंबरअखेर ते काठोकाठ असतील तर शहराच्या रक्षणाला दरवाजे आणि ते चालवणाऱ्याचा निर्णय एवढेच उरते. तेव्हा पूरसंरक्षणाचा लाभ भिंतीत नसतो, भिंतीमागे राखलेल्या मोकळ्या जागेत असतो. आणि ती जागा राखायची म्हणजे तेवढे पिण्याचे पाणी सोडून द्यायचे. हा या धरणांचा खरा, दरवर्षी नव्याने येणारा खर्च होय. त्याचे बिल मात्र कुठेच फाडले जात नाही.

जमेच्या बाजूला लिहिण्याजोगे आणखी एक कलम आहे. उस्मानसागरची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १७९० फूट, हिमायतसागरची १७६३ फुटांच्या वर. जुने शहर त्याखाली येते. त्यामुळे उस्मानसागरचे पाणी आसिफनगरच्या आणि हिमायतसागरचे मीर आलमच्या गाळणी केंद्रापर्यंत केवळ उताराने जाई. पंप नको, कोळसा नको, वीज नको. बांधणाऱ्यांना हे इतके स्वाभाविक वाटले असेल की ‘उताराचा लाभ’ अशी वेगळी नोंद करण्याचे त्यांच्या मनातही आले नसेल.

हिशेबाच्या रीती

येथे थोडे मागे जाऊन लाभ मोजण्याच्या रीतींकडे पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचा वाद त्यांच्यातूनच निघतो.

१८४४ मध्ये ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्याने सार्वजनिक कामांच्या उपयुक्ततेवर एक निबंध लिहिला. त्याने घेतलेल्या उदाहरणांत नळाचे पाणीही आहे. पाणी महाग असेल तर माणूस पिण्यापुरते घेईल. स्वस्त झाले की धुण्याला, मग बागेला, शेवटी कारंज्याला. पाण्याच्या प्रत्येक घागरीची किंमत घेणाऱ्याच्या लेखी वेगळी, आणि पाणीपट्टीतून जमा होणारी रक्कम म्हणजे एकूण उपयुक्तता नव्हे, हे त्याचे म्हणणे. आज हे सांगितले तर विद्यार्थी मान डोलावतात. तरीही नगरपालिकांचे अहवाल योजनेचा ‘तोटा’ पाणीपट्टीच्या वसुलीवरूनच काढतात. हैदराबादेत २०२१ च्या आरंभी घरगुती नळांना महिना वीस हजार लिटरपर्यंतचे पाणी माफ झाले. वसुलीच्या रीतीने पाहिले तर त्या दिवसापासून त्या पाण्याचा लाभ शून्य ठरेल.

ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारची रीत सरळ होती. ज्या कालव्याच्या निव्वळ उत्पन्नातून भांडवलावरचे व्याज सुटे ते ‘उत्पादक’ काम. ज्यातून सुटत नसे, पण दुष्काळात माणसे व मदतीवरचा खर्च वाचे, ते ‘संरक्षक’ काम. १९०१ ते १९०३ च्या सिंचन आयोगाने या दुसऱ्या वर्गाची बाजू उचलून धरली. तरी विचाराचा केंद्रबिंदू सरकारी खजिनाच राहिला. रयतेच्या घरात काय आले, याचा थेट हिशेब कुणी केला नव्हता.

तो हिशेब पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत झाला. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली आणि १९४८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेत १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने लाभ कुणालाही होवो, तो खर्चाहून अधिक असला पाहिजे, असे तत्त्व घातले होते. त्यानंतर बारा वर्षांत नाशिक-अहमदनगरच्या उसाच्या फडांत जाऊन, कालव्यामुळे मजुरी, व्यापार, गुऱ्हाळे, वाहतूक यांत काय पडले, हे पाहण्याचा हा उद्योग झाला. अर्थशास्त्राच्या मराठी अध्यापकांनी त्याची आठवण जितकी ठेवावी तितकी ठेवलेली दिसत नाही.

या सर्व रीतींत एक अडचण समान आहे : काळ. पुढे मिळणारा लाभ आजच्या किमतीत आणण्यासाठी तो व्याजाच्या दराने घटवतात. दहा टक्के दर धरला तर पन्नास वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आज अवघे ८५ पैसे ठरतात. चार टक्के धरला तर चौदा रुपये. दराच्या या निवडीवर धरण बांधावे की नाही याचे उत्तर फिरते, आणि दर निवडणारा माणूस त्या पन्नास वर्षांनंतर उत्तर द्यायला नसतो. याच दहा टक्क्यांनी मोजले तर २०२० मध्ये टळणारे शंभर रुपयांचे नुकसान १९०८ च्या माणसाला पाव पैशाच्याही आत दिसले असते. विश्वेश्वरय्यांनी असा हिशेब केला नाही. पंधरा हजार मृत समोर असताना तो करावा असे कुणाला वाटलेही नसते. शोक ताजा असतो तेव्हा दूरच्या काळाचे मोल वाढते, आणि शोक विरला की व्याजाचा दर परत येतो.

उताराचे पाणी आणि चढाचे पाणी

शहर वाढत गेले. १९६० च्या दशकात मांजरा नदीचे पाणी आले, पुढे सिंगूर जलाशयाचे. २००४ च्या सुमारास कृष्णेचे पाणी आले, नागार्जुनसागरच्या पाण्यातून, शंभराहून अधिक किलोमीटरवरून. दशकभराने गोदावरीचे आले, यल्लमपल्लीहून, त्याहून लांबून. या योजना नसत्या तर हैदराबादची आजची वस्ती जगूच शकली नसती, हे निर्विवाद आहे.

पण उंचीचा आकडा पाहावा. नागार्जुनसागरची पूर्ण पातळी ५९० फूट. उस्मानसागरच्या उंचीशी तुलना केली तर फरक बाराशे फुटांचा, म्हणजे सुमारे ३६५ मीटरचा. एक हजार लिटर पाणी एवढे चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या नियमाने सुमारे एक युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर जवळजवळ दीड युनिट, आणि नळातील घर्षण वेगळे. रोज एक कोटी लिटर पाण्यामागे चौदा हजार युनिट. वर्षाला पन्नास लाखांच्या वर. वीजदर ज्या वर्षीचा हवा तो घ्यावा आणि गुणून पाहावे. आणि शहर रोज कोटी नव्हे, शेकडो कोटी लिटर पाणी पिते, हेही ध्यानात ठेवावे.

उताराने येणारे पाणी म्हणजे हा दरवर्षीचा खर्च टाळणे. नवी योजना करताना तिचा भांडवली खर्च वर्तमानपत्रांत येतो, तिच्या उद्घाटनाची कोनशिला बसते. विजेचे बिल दर महिन्याला निमूटपणे येत राहते. तीस वर्षांचे बिल एकत्र केले तर कित्येक योजनांत ते बांधकामाला मागे टाकील. आणि जुन्या जलाशयाकडून एक लिटर कमी घेऊन ते कृष्णेकडून घेतले की तेवढी वीज वाढते, ही साधी वजाबाकी दोन वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली असल्याने कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही.

सव्वा टक्का

जलाशयांभोवती कारखाने आणि वसाहती सरकू लागल्या तेव्हा ८ मार्च १९९६ रोजी आंध्र प्रदेश सरकारने आदेश क्रमांक १११ काढला. जलाशयांपासून दहा किलोमीटरच्या परिसरात प्रदूषक उद्योग, मोठी हॉटेले, दाट वसाहती यांना मज्जाव झाला. ८४ गावे आणि सुमारे एक लाख बत्तीस हजार एकर जमीन या आदेशाखाली आली. एका तेल-रसायन कारखान्याला सरकारनेच सूट देऊ केली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ आणि २००० च्या निकालांत न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व मांडले : जलाशयाला धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धोका आणणाऱ्यावर. सूट टिकली नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर न्यायालयाने शंकेचा खर्च कुणी सोसायचा, हे ठरवून दिले.

एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने आदेश क्रमांक ६९ काढून १११ चे निर्बंध उठवण्याची दिशा घेतली. कारण असे दिले की १९९६ मध्ये हे दोन जलाशय शहराला सत्तावीस टक्क्यांहून अधिक पाणी देत होते, आता सव्वा टक्काही देत नाहीत. या आदेशावर पुष्कळ वाद झाला, आणि तो न्यायालयापर्यंतही गेला.

सव्वा टक्का हा आकडा खोटा नाही. पण तो नेमके काय सांगतो? टक्का भागाकारातून निघतो. छेद वाढला की, अंश तसाच राहिला तरी, टक्का घसरतो. शहराने कृष्णा-गोदावरी आणली म्हणून गंडीपेठचे पाणी लहान दिसू लागले. शिवाय जलाशयातून पाणी कमी उचलले जाऊ लागले, ही निवड होती, निसर्गाचा निकाल नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा टक्का केवळ नळाच्या पाण्याचा आहे. १९०९ च्या अहवालाचा जन्म ज्या कारणाने झाला त्या पुराचा या भागाकारात अंशही नाही, छेदही नाही. उलट पाणी उचलणे कमी झाले की जलाशय भरलेले राहतात आणि पूर सामावून घेण्याची जागा आटते. म्हणजे एका लाभाला गळती लागली की दुसराही खंगतो, आणि ज्या आकड्याने पहिला कमी झाला म्हणून सांगितले तो आकडा दुसऱ्याविषयी मौन पाळतो.

तरीही दुसरी बाजू हलकी मानता येणार नाही. त्या ८४ गावांतील शेतकऱ्याने पंचवीस-सव्वीस वर्षे शहराच्या पाण्यासाठी आपली जमीन जवळजवळ गोठवून ठेवली. काही किलोमीटर पलीकडे गच्चीबावलीत जमिनीचे भाव गगनाला भिडत असताना त्याच्या एकराला शेतीचाच भाव. या निर्बंधाचा मोबदला म्हणून शहराच्या पाणीपट्टीतून त्याला नियमित काही मिळाले असते तर आदेश १११ विषयी त्याचे मत वेगळे असते. जलाशयाचा लाभ सव्वा टक्का म्हणून कमी लेखणारे जसे एक खाते विसरतात, तसे जलाशय वाचवा म्हणणारे शहरवासी हे दुसरे खाते विसरतात. पाच मराठी जिल्ह्यांच्या साऱ्यातून झालेले काम, ८४ गावांच्या जमिनीवर राखलेले काम. दोन्ही वेळा बिल दुसऱ्याच्या दारी गेले. या बाबतीत १९२० आणि १९९६ यांत मोठा फरक नाही.

आणखी एक कलम, जे कोणत्याच अहवालात सहजी सापडत नाही. धरणांमुळे शहरातून जाणारी मुसी वर्षाचा बराच काळ कोरडी पडू लागली. जिथे पाणी वाहत होते तिथे सांडपाणी वाहू लागले, आणि मोकळ्या पात्रात वस्ती, रस्ते, इमारती आल्या. पूर येत नाही म्हणून पात्र भरले, पात्र भरले म्हणून येणारा पूर अधिक महाग झाला. धरणाच्या लाभातूनच धरणाचा पुढचा खर्च तयार होतो, तो असा.

ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाली आणि दहा वर्षांनी हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले. शहराच्या सखल भागांत पाणी शिरले, माणसे गेली. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस, १९०८ च्या पुराला एकशे सतरा वर्षे पुरी होत असताना, दोन्ही जलाशयांतून पाणी सोडले गेले आणि मुसीने शहराचे मोठे बसस्थानक पाण्याखाली घेतले. प्रवाशांना रात्री तिथून बाहेर काढावे लागले. हे स्थानक १९९० च्या दशकात नदीच्या पात्रातल्या भूखंडावर बांधले गेले. त्या जागेचे जुने नाव इमलीबन, म्हणजे चिंचेचे बन.